कोयनेपासून भीमेपर्यंत

महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या पाच नद्यांमध्ये कोयनेचा स्वभाव निराळा. सह्याद्रीच्या मुख्य रांगेला पाठ लावून ती कित्येक कोस दक्षिणेकडे वाहत जाते, हेळवाकपाशी एकाएकी पूर्वेकडे वळते, पाटणावरून खाली उतरते आणि कऱ्हाडास कृष्णेला अशी समोरासमोर भेटते की, दोन्ही प्रवाह आपली मूळ दिशा सोडून काटकोनात पुढे निघून जातात. या नदीवर देशमुखवाडीपाशी ३३८ फूट उंचीचे धरण बांधून, शंभर अब्ज घनफुटांच्या आसपास पाणी अडवून, त्यातले बरेचसे डोंगराच्या पोटातील बोगद्याने पश्चिमेस पोफळीकडे उतरवावे आणि त्या उतारावर वीज निर्माण करून ते वाशिष्ठी नदीत सोडावे, अशी ती योजना होती. पूर्वसमुद्राकडे जाणारे पाणी अशा रीतीने पश्चिमसमुद्राकडे वळले. आणि त्या पाण्याच्या काठी पिढ्यानपिढ्या राहिलेल्या माणसांपैकी पुष्कळांना मात्र पूर्वेकडे, सोलापूर-सांगलीच्या पठारावर जावे लागले. माझे आजोळ त्या माणसांत होते.

१९६०च्या लगतची ती वर्षे. धरणाची भिंत चढत होती, आणि खोऱ्यातील शंभराच्या आसपास गावांना उठण्याचे हुकूम मिळालेले होते. पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ साली; त्या वेळी हाताशी होता तो १८९४ चा भूसंपादनाचा कायदा, आणि तो भरपाईच्या रकमेपलीकडे फारसे काही पाहत नसे. कोणी ती रक्कम घेऊन मुंबईस गेले, कोणी पाण्याच्या वर, डोंगराच्या कुशीत सरकून राहिले. (या वर सरकलेल्यांवर पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाचा घाला पडला, आणि ज्यांनी एकदा घर मोडून दुसरे उभारले होते त्यांतील कित्येकांना तिसरे उभारावे लागले.) माझ्या मामांनी सोलापूर जिल्ह्यात, पंढरपुराच्या पलीकडे मिळणारी सरकारी पड जमीन पत्करली. मी शाळेत मास्तर; सुट्टी लागताच मी त्यांना हात द्यावयास गेलो, तेव्हा घर अर्धे उतरवून झाले होते.

घर उतरवणे हे मी प्रथमच पाहत होतो. कौले आणि कुडाच्या भिंती तेथेच सोडावयाच्या होत्या. पण ऐनाचे खांब, तुळया, वासे आणि आढे यांतील एकही लाकूड मागे ठेवण्यास मामा तयार नव्हते. प्रत्येक खांबाच्या बुडाशी त्यांनी पटाशीने खुणा केल्या होत्या : ओटीच्या खांबांना एक खाच, माजघराच्या दोन, गोठ्याच्या तीन. आजी आपल्या जागेवरून उठली ती उंबरठा उपटण्याची वेळ आली तेव्हाच. तिने त्याला हळदकुंकू वाहिले, आणि गोधडीत गुंडाळून तो ट्रकात सगळ्यांत वर ठेवावयास सांगितले. तिच्या स्वतःच्या सामानात नाचणीचे व वरीचे बियाणे भरलेली दोन मडकी होती, आणि ती तिने कोणाच्याही हाती दिली नाहीत. गुरे पाटणच्या बाजारात आधीच गेली होती. एक गाय आणि तिची पाडी तेवढी राहिली होती, त्यांना ट्रकाच्या मागल्या अंगास बांधले.

कऱ्हाडपर्यंतची वाट ओळखीची होती. तेथून पुढे, प्रभाकर कंदिलांमुळे घराघरांत पोचलेली ओगलेवाडी मागे पडली, रस्ता विट्याच्या चढणीला लागला, आणि झाडे एकेक करून मागे राहू लागली. ज्या खोऱ्यात वर्षाला दोनशे इंच पाऊस कोसळतो, जेथे पावसाळ्यात ओटीवरून समोरचा डोंगर दिसत नाही, तेथील मुलांना ही उघडी क्षितिजे पाहून आनंद झाला. मोठी माणसे मात्र बोलेनाशी झाली. आटपाडीच्या आसपास खिलार बैलांची एक जोडी आमच्या ट्रकापुढून गेली. पांढरीशुभ्र, उंच, मागे झुकलेल्या लांब शिंगांची ती जनावरे पाहून मामांनी एवढेच विचारले, "मास्तर, एवढं मोठं बैल लागत्यात म्हंजे रान किती जड आसंल रं?" त्या प्रश्नातील भीती मला तेव्हा कळली नाही.

दिघंचीजवळ माणगंगेचे पात्र ओलांडले. त्यात पाणी नव्हते. वाळूत खणलेल्या झऱ्यावर दोन बायका वाटीवाटीने घागर भरीत होत्या, आणि आजी मान वळवून त्यांच्याकडे दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहिली. महूद मागे टाकून पंढरपुरी पोचेस्तोवर रात्र झाली. रात्रीचा मुक्काम वाळवंटालगतच्या एका धर्मशाळेत झाला, आणि सकाळी विठोबाचे दर्शन करून आम्ही भीमा ओलांडली.

नव्या गावठाणाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मोकळ्या माळावर चुन्याने आखलेले चौकोन होते, प्रत्येकाच्या कोपऱ्यात क्रमांकाचा दगड होता, आणि सावलीसाठी एक बाभळ होती. जमिनीची हकीकत अधिक दुःखद होती. मामांच्या हाती कब्जेपट्टी होती, तीवर शिक्का होता, गटाचा आकार होता, चतुःसीमा होत्या; आणि प्रत्यक्षात त्या चतुःसीमांच्या आतील निम्मे रान दुसऱ्याच कोणाच्या वहिवाटीखाली होते. त्या खटपटीत तलाठ्यापासून कचेरीपर्यंत मी मामांबरोबर हिंडलो. दर ठिकाणी अर्ज रुजू करून घेतला जाई आणि दर ठिकाणी एक नवा दाखला मागितला जाई. ज्या माणसाने राज्याला प्रकाश मिळावा म्हणून आपले घर आणि शेत दिले, त्याने आपण कोण हे सिद्ध करण्यासाठी बाकावर ताटकळत बसावे, याचा संताप आज इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेला नाही. मोजणी होऊन खुणेचे दगड जागेवर आले ते पुढल्या साली.

परंतु खरी अडचण कागदाची नव्हती. मामी उभ्या आयुष्यात ओढ्याच्या वाहत्या पाण्यात घागर बुडवून ती डोक्यावर घेत आलेली. येथे पाणी साठ हात खोल विहिरीत होते. पहिल्याच दिवशी पोहऱ्याच्या दोराने तिचे दोन्ही तळवे सोलवटून निघाले. तेव्हा शेजारच्या वस्तीवरील एक वयस्क बाई, जिच्याशी आमची अद्याप ओळखही झाली नव्हती, काठावर आली; तिने दोर आधी पाण्यात भिजवून घेतला, मामीचा उजवा पाय विहिरीच्या दगडाला टेकवून दिला आणि म्हणाली, "हातानं वडू नगंस बाई, कमरंनं वड. हात नुसता धराया." मामी चुलीपाशीही अशीच परकी झाली होती. रानातील लाकूडफाटा नव्हता, तेव्हा शेणी आणि तुराट्या यांवर आच कशी धरावी हे तिला शिकावे लागले. नाचणीच्या पिठावर फिरलेल्या हाताला ज्वारीची पातळ, कडक भाकरी कित्येक दिवस साधत नव्हती. तीही त्याच बाईने परातीपाशी बसून शिकवली.

त्या बाईच्या घरची वृद्ध मंडळी आमची लाकडे पाहावयास आली ती एका संध्याकाळी. त्या वृक्षहीन मुलखात ऐनाच्या एवढ्या लांब, सरळ तुळया कोणी पाहिल्या नव्हत्या. घराचा धनी, पांढऱ्या मिशांचा एक शेतकरी, एका खांबावरून बराच वेळ हात फिरवीत राहिला. त्याच्या धाब्याची तुळई कुजलेली होती हे दुसऱ्या दिवशी कळताच मामांनी तीन खाचांच्या लाकडांपैकी, म्हणजे गोठ्याच्या, एक तुळई उचलून त्याच्या दारी नेऊन टाकली. एका गायीला आता एवढा गोठा काय करावयाचा, असे ते म्हणाले. मोबदल्याचा शब्द कोणाच्याही तोंडून निघाला नाही. मामांनी मात्र स्वतःच्या घराला धाबे घालण्यास ठाम नकार दिला, आणि वीस-पंचवीस इंच पावसाच्या त्या प्रदेशात दोनशे इंचांच्या पावसाला पुरे पडेल असे उतरत्या छपराचे घर, जुन्या खुणांबरहुकूम, उभे केले. उंबरठा सर्वांत आधी बसला.

मृग लागताच, जो तो शेजारी नको म्हणून सांगत असतानाही, मामांनी नाचणी पेरली. ते नक्षत्र लागले आणि मूठ पेरली नाही असे त्यांच्या घराण्यात कधी घडले नव्हते. माझी रजा संपली म्हणून मी परतलो तेव्हा रोपे दोन बोटे वर आली होती. पुढे पत्रातून कळले की, आषाढात पावसाने ओढ दिली आणि ती उभीच्या उभी करपली. आजीच्या मडक्यांपैकी एक रिकामे झाले.

दिवाळीत मी पुन्हा गेलो. मधल्या काळात त्या वृद्ध शेतकऱ्याने मामांना आपल्या बांधावर बसवून काळ्या रानाची रीत समजावून सांगितली होती, आणि मामांनी ती मला नवशिक्याच्या उत्साहाने ऐकवली : येथे पावसाळाभर रान मोकळे ठेवावयाचे, कुळवाच्या पाळ्यांवर पाळ्या घालून प्रत्येक सर जमिनीत मुरवावयाची, आणि हस्ताच्या सुमारास तिफणीने ज्वारी पेरावयाची, पुढे पाऊस आला नाही तरी पोटातली ओल आणि थंडीतले दव यांवर पीक उभे राहते. जमीन भेगाळू लागली की कोळपणी करून भेगा बुजवावयाच्या, म्हणजे ओल उडत नाही. पाण्याच्या मुलखातून आलेल्या माणसाला पाणी साठवण्याची ही कला कोणत्याही कचेरीने शिकवली नव्हती. जमीन सरकारने दिली, ती कसण्याचे ज्ञान शेजाऱ्याने दिले. तिफण त्याची होती, बैलजोडीही त्याचीच. मामांच्या वावरात ज्वारी वीतभर वाढली होती, तासे सरळ होती, आणि ओळींमधून चालताना मामा माझ्यापुढे जात नव्हते; थांबून थांबून मला एकेक ताट दाखवीत होते. संक्रांतीच्या सुमारास हुरड्याला ये, असा त्यांचा आग्रह होता. हुरडा हा शब्दही आमच्या खोऱ्यात कधी कोणाच्या बोलण्यात नसे.

सर्वच घरांचे असे झाले नाही. आमच्या ओळीतील काही कुटुंबे त्या उन्हाला आणि परकेपणाला कंटाळून पुन्हा कोयनेच्या काठी, जलाशयाच्या वरच्या उतारांवर परतली. त्यांना मी दोष देऊ शकत नाही. त्यांच्या विहिरीच्या काठावर कदाचित कोणी आले नसेल.

परतताना मी पंढरपुराहून मिरजेची छोटी गाडी धरली. मिरजेच्या फलाटावर कऱ्हाडकडील गाडीची वाट पाहत असता, पलीकडे सामानाच्या ढिगावर बसलेले एक कुटुंब दिसले. दोरखंडांनी बांधलेले वासे पाहताच मी त्यांना ओळखले. पीक पदरात पाडून मग निघालेली ती खोऱ्यातील मंडळी होती, आणि मी ज्या गाडीने आलो त्याच गाडीने ती उलट पंढरपुराकडे निघाली होती. बाईच्या मांडीवर बियाण्याचे मडके होते. मी जवळ गेलो, मामांच्या गावठाणाचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून कर्त्या पुरुषाच्या हाती दिला, मामांच्या शेजाऱ्याचे घर कोणत्या बाजूस आहे ते सांगितले, आणि येत्या मृगाला काही झाले तरी पेरू नका, हस्त पडू द्या, असे त्यांना बजावले. त्या गृहस्थाने चिठ्ठी घडी करून पागोट्यात खोचली आणि विचारले, "मास्तर, थितं विहिरीला पानी हाय का?" आहे, म्हणालो, आणि दोर भिजवून घेण्याचे मी त्या बाईला सांगत होतो, तोच त्यांची गाडी लागल्याची घंटा झाली व आम्ही सर्वांनी मिळून ते वासे उचलले.