साच्यातली वीज

भालकीला घरी गेलो की प्रश्न ठरलेला, “तू भट्टीत नेमकं भाजतोस काय?” हाड, असं सांगून मी मोकळा होतो. खरं तर ते हाडातलं खनिज, हायड्रॉक्सीॲपेटाइट. कॅल्शियम फॉस्फेटची पांढरी भुकटी दाबून टिकली करायची आणि न वितळवता कण सांधले जाईपर्यंत तापवायची. हेच सिंटरिंग.

साध्या भट्टीत त्याला 1200-1250 अंश सेल्सिअस आणि दोनेक तास लागतात. कणांमधली भोकं बुजत आली की मोठा कण शेजारचे लहान कण गिळू लागतो, तळ्यातल्या माशासारखा. टिकली घट्ट होते, पण जाडसर कणांमुळे ठिसूळही. ‘स्पार्क प्लाझ्मा’ यंत्रात भुकटी ग्रॅफाइटच्या साच्यात भरतात, वरून-खालून दाबतात आणि साच्यात स्पंदित प्रवाह सोडतात. मिनिटाला 100 अंशांनी ताप चढतो. 900-1000 अंशांवर पाचेक मिनिटांत काम होतं. कणांना वाढायला सवडच मिळत नाही, ते मायक्रॉनच्या आत राहतात. नीट साधलं तर टिकलीतून उजेड दिसतो.

‘स्पार्क प्लाझ्मा’ या नावावर मात्र जाऊ नका. हायड्रॉक्सीॲपेटाइट वीजरोधक, त्यामुळे प्रवाह जातो साच्यातून. गुण येतो तो बहुतांशी वेगाचा आणि दाबाचा. 2010 साली कोलोरॅडो विद्यापीठात झिर्कोनिया हे सिरॅमिक 850 अंशांवर काही सेकंदांत घट्ट झालं, त्या ‘फ्लॅश’ पद्धतीत वीज खरोखर नमुन्यातूनच वाहते. कॅल्शियम फॉस्फेटवरही ती करून झाली. पण प्रवाहाने एकच वाट धरली की तिथले कण फुगतात. मला तिचा अजून भरवसा नाही.

गल्लीतल्या कुंभारकाकांनी विचारलं होतं, “एवढ्या घाईत तडकत न्हाई का?” तडकतं. रात्रभर आवा लावणाऱ्यालाच हे सुचणार. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या बिक्रमजित बसू यांच्या गटाने बेरियम टायटनेट मिसळलेलं हेच खनिज स्पार्क प्लाझ्मा यंत्रात टप्प्याटप्प्याने तापवलं. घाई ठेवली, पण पायऱ्यांनी.

साच्यातून टिकली निघते ती राखाडी. चिकटलेला ग्रॅफाइट कागद पॉलिश पेपरने खरवडायचा, आत शिरलेला कार्बन जाळायला ती हवेत पुन्हा तापवायची, तेव्हा कुठे पांढरी होते. हे उपद्व्याप ‘पाच मिनिटां’त कुणी धरत नाही.

आणखी एक. या यंत्रातलं तापमान बहुधा साच्यावर मोजतात. आतला नमुना त्याहून कितीतरी अंशांनी तापलेला असू शकतो. तेव्हा कमी तापमानाचा दावा वाचलात, तर कणांचे फोटो बघण्याआधी तापमापक कुठे लावला होता ते शोधा.