घाशीराम गेला, नाना राहिला

हुकूमशाही कशी चालते, असे तरुण मंडळी आम्हांस विचारतात तेव्हा आम्ही त्यांना विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' हे नाटक वाचावयास सांगतो. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक होते डॉ. जब्बार पटेल. १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबविले. तेव्हा कलावंतांनी थिएटर अॅकॅडमी ही नवी संस्था काढून ते पुन्हा रंगभूमीवर आणले. काळ पेशवाईचा असला तरी इतिहास सांगणे हा तेंडुलकरांचा हेतू नव्हता. सत्ता माणसाला कशी घडविते, वापरते आणि फेकून देते, हे त्यांना दाखवायचे होते.

घाशीराम हा कनोजहून पोटासाठी पुण्यात आलेला परका ब्राह्मण. त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो. मार बसतो, कोठडी घडते. अपमानाने पेटलेला हा माणूस साऱ्या पुण्यावर सूड उगविण्याची शपथ घेतो. त्यासाठी तो आपली कोवळी मुलगी गौरी नाना फडणवीसांच्या हवाली करतो आणि बदल्यात कोतवाली मिळवितो. पण नाना त्याच्याहून धूर्त. पाप आपण करावे आणि ते कोतवालाच्या खाती पडावे, हा हिशेब त्यांनी नेमणुकीच्या वेळीच मांडलेला असतो.

मग शहरात परवान्यांचे राज्य सुरू होते. रात्री घराबाहेर पडायचे तर परवाना हवा. निरपराध माणसाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवून कबुली घेतली जाते. आम्ही पेशाने कारकून, म्हणून या परवान्यांकडे आमचे लक्ष आधी गेले. प्रत्येक हुकमाखाली कोणाची तरी सही असते. लोक मात्र खिडकीत बसलेल्या माणसावर ओरडून घरी जातात.

आमच्या वस्तीतील विहारात रविवारी वाचन चालते. तेथे आम्ही ही कथा सांगितली, तेव्हा धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंनी विचारले, "भाऊ, त्या पोरीला कुणी इचारलं का?" सगळे गप्प झाले. गौरीला कोणीच विचारले नाही. बापाला सूड हवा होता, नानांना भोग हवा होता. ती गरोदरपणात मरते आणि बाप तरीही कोतवालीच्या खुर्चीवर बसून राहतो. आमच्या मते साऱ्या नाटकाचे मर्म ताईंच्या त्या एका प्रश्नात आहे.

शेवटी घाशीरामाच्या कोठडीत कोंडलेले परप्रांतीय ब्राह्मण गुदमरून मरतात. शहर खवळते. नाना शांतपणे घाशीरामाच्या मृत्यूच्या हुकमावर सही करतात. जमाव त्याला ठेचून मारतो आणि नाना उत्सव जाहीर करतात. लोक नाचतात. ज्याने कोतवाल नेमला, त्याला एकही माणूस जाब विचारीत नाही.

कोठडीतील मृत्यू म्हटले की परभणीकरांच्या काळजात आज कळ येते. १० डिसेंबर २०२४ रोजी आमच्या शहरात रेल्वे स्थानकाजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, नंतर अटका झाल्या. १५ डिसेंबरला कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. त्याची आई न्यायालयात गेली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. नाटकातल्या पुण्याजवळ दगड होते, न्यायालय नव्हते. म्हणून तिथे घाशीराम मेला आणि नाना सुटले. त्या माऊलीने कागद हाती घेतला.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी दोन इशारे दिले होते. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा एक. मागण्यांसाठी संविधानाचे मार्ग असताना रक्तरंजित मार्ग सोडून द्या, हा दुसरा. हे दोन्ही इशारे एकत्र वाचावे लागतात. भक्ती करणारा नानांना प्रश्न विचारीत नाही आणि दगड मारणाऱ्याला नाना दिसतच नाहीत.

बंधूंनो, भगिनींनो, घाशीराम आपल्याही वस्तीत तयार होतात. अपमान सोसलेल्या, नोकरी नसलेल्या तरुणाला कोणी पद देतो, गाडी देतो आणि आपल्याच माणसांवर सोडतो. निवडणूक संपली की तो एकटा पडतो. खटले त्याच्या नावावर राहतात, घरात आई आणि बहीण भोगतात. अशा मुलाला शिव्या देऊन भागणार नाही. त्याला जवळ बसवा. पद कोणी दिले, कशाच्या बदल्यात दिले, हे शांतपणे विचारा. आणि हे विचारताना घरातल्या मुलींनाही बैठकीत बसवा, त्यांना बोलू द्या.

जयभीम!