कुणाच्या सहीवर?

माझे वडील जबलपूरच्या मालधक्क्यावर क्लार्क होते. गोंदियाहून सातपुड्याच्या जंगलातून येणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी आमच्या गावात येऊन संपायची. पुढे इटारसीकडे किंवा कटनीकडे जायचा माल छोट्या डब्यांतून उतरायचा आणि हमालांच्या पाठीवरून मोठ्या लाइनच्या वाघिणींत, म्हणजे मालडब्यांत, चढायचा. शाळा सुटली की वडिलांचा डबा घेऊन मी तिथे जायचो. बांबू, इमारती लाकूड, तेंदूपत्ता, बालाघाटचा तांदूळ असं काय काय तिथे पडलेलं असे. उतरवायच्या आणि चढवायच्या जागेत अंतर फार तर वीस पावलांचं. पण माल हरवायचा, भिजायचा, तुटायचा तो याच वीस पावलांत. सव्वादोनशे किलोमीटर घाट-जंगल ओलांडून सुखरूप आलेलं पोतं इथे फुटायचं.

व्यापाऱ्याचा माणूस येऊन विचारायचा, "बाबूजी, माल कहाँ है?" घरी आल्यावर वडील आईला म्हणायचे, "माल कुठे आहे हे डोळ्यांना दिसतं. तो कुणाच्या सहीवर आहे, ते विचारायला हवं."

आज मी व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेन शिकवतो. मुलं हुशार आहेत. फळ्यावर चौकोन काढतात, बाण काढतात. पुरवठादार, कारखाना, गोदाम, दुकान, ग्राहक. मी त्यांना बाणाच्या टोकावर बोट ठेवायला सांगतो. जिथे बाण संपतो आणि पुढचा चौकोन अजून सुरू झालेला नसतो, तिथे माल कुणाचा? देणाऱ्याने 'दिला' म्हणून सही केली आहे, घेणाऱ्याने 'पोचला' म्हणून अजून केलेली नाही. माझ्या मते या विषयाचा गाभा इथेच आहे. बाकीचं बरंचसं गणित आहे आणि ते संगणक करतो.

रेल्वेत दोन रूळ जिथे जुळतात त्या जागेला आपण मराठीत सांधा म्हणतो आणि तो बदलणारा तो सांधेवाला. जबलपूर हे सांध्यांचं शहर आहे. १८६७ साली ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा अलाहाबादच्या बाजूने इथवर आला. मुंबईहून थळघाट चढून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) इटारसीमार्गे इथे पोचली आणि ७ मार्च १८७० रोजी मुंबई-कलकत्ता हा सलग लोहमार्ग जबलपुरात जोडला गेला. हावडा-मुंबई मेल आजही याच वाटेने आमच्या स्टेशनात येते. रूळ दोन्ही बाजूंचे एकाच मापाचे होते, त्यामुळे वाघीण न उतरवता पुढे जाऊ शकत होती. पण कंपन्या दोन, वह्या दोन, अधिकारी दोन. रुळांचा सांधा जुळला त्या दिवशी कागदाचा सांधा तयार झाला. अलाहाबादकडचा हा मार्ग १९२५ मध्ये जीआयपीकडे आला आणि तो सांधा मिटला. त्याआधीच, १८९१ मध्ये, बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूरहून पूर्वेकडे जवळची वाट काढली होती आणि मुंबई-कलकत्त्याच्या वाहतुकीतलं जबलपूरचं पहिलं महत्त्व ओसरायला सुरुवात झाली होती. सांध्यावर वसलेल्या गावाने हे लक्षात ठेवावं लागतं.

रेल्वे येण्याआधी मिर्झापूर ते नागपूर हा जुना व्यापारी रस्ता जबलपूरवरूनच जायचा. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे १८१७ पर्यंत होता. या वाटेवरून बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून चालत. बंजारा नुसता भाडोत्री नसे. बहुतेक वेळा धान्य तो स्वतः विकत घेई, स्वतः वाहून नेई आणि स्वतःच विकी. म्हणजे मधे सांधा नाही. बैल दगावला किंवा गोण भिजली, तर नुकसान त्याचंच. लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या फौजा त्याच्यावर अवलंबून राहिल्या, त्यामागे हेही एक कारण आहे असं मला वाटतं.

सप्लाय चेनला आपला जुना शब्द आहे रसद. तो उच्चारला की मराठी माणसाला पानिपत आठवतं. त्या मोहिमेच्या रसदेची मोठी भिस्त गोविंद बल्लाळ खेर ऊर्फ गोविंदपंत बुंदेले यांच्यावर होती. आमच्या जवळचं सागर हे त्यांचं ठाणं. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांच्या पहिल्या खंडात त्या काळचा पत्रव्यवहार आहे. पैसा पाठवा, यमुना उतरायला नावा जमवा, असा मोहिमेचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांचा तगादा त्यातून दिसतो. पावसाने यमुनेला पूर होता आणि रयतेकडून वसुली होत नव्हती. डिसेंबर १७६० मध्ये अब्दालीच्या तुकडीने गोविंदपंतांना गाठून मारलं. दुआबातली रसद आटली आणि महिन्याभराच्या आत, १४ जानेवारी १७६१ रोजी, उपाशी फौजेला लढावं लागलं. गोविंदपंतांना दोष देणारे पुष्कळ आहेत. मी विद्यार्थ्यांना वेगळा प्रश्न विचारतो. हजारो माणसांचं आणि जनावरांचं पोट ज्या वाटेवर, ती वाट एका वयस्क माणसाच्या सहीवर का ठेवली होती? पर्यायी वाट कुणी आखली होती? आजही एकाच पुरवठादारावर विसंबून राहणाऱ्या कंपनीला हाच प्रश्न विचारावा लागतो.

सैन्याच्या पुरवठ्यासाठीच पुढे जबलपूर ओळखलं गेलं. शहर देशाच्या मध्यात, सीमांपासून लांब आणि रेल्वेच्या वाटेवर. १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला आणि १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी. तोफांचे आणि शस्त्रांचे सुटे भाग सांभाळणारा सैन्याचा मोठा डेपोही इथे आहे. जोंगा ही सैन्याची गाडी अनेकांना आठवत असेल. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या इंग्रजी शब्दांतली अक्षरं जोडून ते नाव तयार झालं. जपानच्या निस्सानचा आराखडा आणि आमच्या गावातली जोडणी. गाडीच्या नावातच जोडणी असल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

सुट्या भागांची गोदामं व्यापारी मालाच्या गोदामांसारखी चालत नाहीत. दुकानात जे जास्त खपतं ते जास्त ठेवायचं. डेपोत एखादी पिन दहा वर्षांत एकदाच मागितली जाते, पण ती नसेल तर तोफ उभी राहते. म्हणून तिथे किमतीबरोबर निकडही पाहतात. अत्यावश्यक, आवश्यक आणि असल्यास बरं असे तीन वर्ग करतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला व्हीईडी पद्धत म्हणतात आणि रुग्णालयांतल्या औषधांच्या कोठारातही ती वापरतात. आता पुन्हा कारखान्यांकडे. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातले आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. गन कॅरेज फॅक्टरी कानपूरच्या कंपनीकडे गेली, व्हेइकल फॅक्टरी चेन्नईजवळच्या आवडीकडे आणि खमरिया पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. एका शहरातल्या शेजारी कारखान्यांचे मालक आता तीन ठिकाणी आहेत. कार्यक्षमता वाढेल की नाही हे काळ ठरवेल, पण सांधे वाढले आहेत आणि प्रत्येक सांध्यावर माणूस नेमावा लागणार आहे.

आता मटाराकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त त्याने शिकवलं आहे.

पाटण, शहपुरा, पनागर, सिहोरा या भागातला मटार जबलपूरची ओळख आहे. राज्याच्या 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत जिल्ह्याचं पीक म्हणून मटारच निवडला गेला. पुण्याच्या मार्केट यार्डात किंवा वाशीच्या बाजारात हिवाळ्यात 'मध्य प्रदेशचा मटार' म्हणून जो येतो, त्यात आमचाही असतो. मटार तोडला तरी तो जिवंत असतो. शेंग श्वास घेत राहते, उष्णता सोडते आणि दाण्यातली साखर तासातासाने पिठुळ होत जाते. शून्य अंशाच्या आसपास आणि भरपूर दमट हवेत ठेवला तर तो एक-दोन आठवडे गोड राहतो. उघड्यावर, पोत्यात गच्च भरून ठेवला तर दोन दिवसांत चव उतरते.

डिसेंबरात मी विद्यार्थ्यांना मंडीत घेऊन जातो. थंडी अशी असते की बोलताना तोंडातून वाफ येते. एका मुलीला मी पोत्यात कोपरापर्यंत हात घालायला सांगतो. ती दचकून हात बाहेर काढते. आत गरम असतं. बाहेर माणसं शेकोटीभोवती बसलेली आणि पोत्याच्या पोटात मटार स्वतःच्याच श्वासाने शिजायला लागलेला. मग मी विचारतो, हे पोतं या क्षणी कुणाचं? शेतकऱ्याने विकलं आहे. अडत्याने तोलून हिशेबाची पट्टी फाडली आहे. व्यापाऱ्याने फोनवर सौदा केला आहे, पण त्याचा माणूस आलेला नाही. ट्रकचालकाने बिल्टी, म्हणजे वाहतुकीची पावती, घेतलेली नाही, कारण गाडी अजून भरलेली नाही. चार माणसं आहेत, पण पोत्याच्या गरमीची जबाबदारी एकाचीही नाही. ते वाळलं, वजनात घटलं, फिकं पडलं तर तोटा शेवटी भावात कापला जातो आणि पुढच्या खेपेला तो भाव शेतकऱ्याच्या पदरात पडतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. शिक्षक होण्याआधी मी एका वाहतूक कंपनीत होतो. एका हिवाळ्यात मुंबईसाठी भरलेली मटाराची गाडी अख्खी रात्र आणि सकाळ उभी राहिली. कागदावर एक सही हवी होती आणि सही करणारा जेवायला म्हणून गेला तो परतलाच नाही. गाडी ठीक होती, चालक ठीक होता, रस्ता मोकळा होता. हजार किलोमीटर पलीकडे माल उतरला तेव्हा वरची पोती बरी होती, मधली पिवळी. माझ्या रजिस्टरात त्या उभ्या राहिलेल्या तासांसाठी रकानाच नव्हता. निघाल्याची वेळ होती, पोचल्याची होती. तेव्हापासून मी प्रत्येक नमुन्यात 'उभी राहिल्याचे तास' आणि 'कुणाच्या सहीवर' हे दोन रकाने घालतो.

थांबण्याचं गणित सोपं आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ते सिद्ध करून दाखवलं. आवारात सरासरी किती गाड्या असतील? तासाला येणाऱ्या गाड्या गुणिले प्रत्येक गाडी थांबते ते तास. समजा तासाला २० गाड्या येतात आणि प्रत्येक गाडी सहा तास थांबते, तर आवारात १२० गाड्या उभ्या दिसतील. मंडीची जागा कमी पडते म्हणून सगळे ओरडतील, नवं आवार मागतील. पण थांबणं तीन तासांवर आणलं तर त्याच गाड्या ६० होतात आणि एक वीट न रचता आवार दुप्पट होतं. तोलाई, पट्टी, बिल्टी, हमालांची पाळी यातले तीन तास वाचवणं हे व्यवस्थापन. मला नव्या आवारापेक्षा या तीन तासांची ओढ जास्त आहे.

जगात सांधा सर्वात नेटका सोडवला तो कंटेनरने. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या 'आयडियल एक्स' या जहाजाने नेवार्कहून ह्यूस्टनकडे ५८ पेट्या नेल्या. पूर्वी बंदरात प्रत्येक पोतं, प्रत्येक पिंप हाताने हलायचं. आता बंद पेटी ट्रकवरून जहाजावर, जहाजावरून रेल्वेवर तशीच जाते आणि कुलपावरच्या सीलचा नंबर प्रत्येक सहीत उतरतो. माझ्या वडिलांच्या मालधक्क्यावर वीस पावलांत जे फुटायचं, ते पेटी न उघडल्यामुळे वाचतं. आमची छोटी गाडीही आता राहिली नाही. २०१५ मध्ये जबलपूरची नॅरोगेज बंद झाली आणि आता गोंदियापर्यंत मोठे रूळ आहेत. रस्त्यावरचे सांधेही कमी झाले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर राज्यांच्या सीमेवरचे करनाके उठले आणि २०१८ पासून ई-वे बिल गाडीबरोबर चालू लागलं. नागपूरच्या वाटेवर पूर्वी दिसायच्या त्या लांब रांगा मी विसरलेलो नाही. ई-वे बिल ही देणारा, नेणारा आणि घेणारा या तिघांना दिसणारी एकच नोंद आहे, म्हणून मला ती मोलाची वाटते.

मटाराला मात्र अजून तशी पेटी मिळालेली नाही. शेताजवळ तोडणीनंतर लगेच माल थंड करण्याची सोय आणि गोणीऐवजी हवा खेळणारे क्रेट या दोन गोष्टी आमच्याकडे अजून मोजक्याच ठिकाणी दिसतात. यासाठी नवं संशोधन लागत नाही. पैसा लागतो आणि क्रेट परत कुणी आणायचे याचा निवाडा लागतो. हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि योजना तिथेच अडते. रिकामा क्रेट परतीच्या गाडीत कुणाच्या सहीवर चढेल, हे ठरल्याशिवाय भरलेला क्रेट पाठवू नये.

 महाराष्ट्रातल्या कुठल्याही महाविद्यालयात हा विषय शिकणाऱ्या मुलामुलींना मी मनापासून बोलावतो. डिसेंबरात जबलपूरला या. नर्मदेकाठचा भेडाघाट बघाच, पण एक अख्खी रात्र मंडीत काढा. एकच पोतं निवडा आणि ते शेतकऱ्याच्या ट्रॉलीतून उतरल्यापासून ट्रकमध्ये चढेपर्यंत त्याच्यासोबत राहा. दर वेळी ते कुणाच्या सहीवर आहे ते लिहून ठेवा आणि जिथे कुणाचीच सही नसेल तिथली वेळ मोजा. येताना जाड स्वेटर, वही आणि घड्याळ आणा.