निळी पेटी गेल्यानंतरची जमीन

बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेची ओळख बनलेले ट्रिकदृश्य म्हणजे टार्डिसचे, अर्थात मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ याच्या, निळ्या पोलीस-पेटीच्या रूपातील कालयानाचे, विरून जाणे होय. कॅमेरा जागचा न हलवता पेटी असलेली आणि पेटी नसलेली अशी दोन चित्रे, म्हणजे दोन प्लेटी, घ्यायच्या आणि एकीतून दुसरीत मिसळत जायचे, एवढेच त्याचे मूळ तंत्र आहे. तरीही कंपोझिटिंगमध्ये, म्हणजे चित्रांचे अनेक थर जुळवून एक दृश्य उभे करण्याच्या कामात, ज्याचे केस पिकले आहेत अशा कारागिरालाही ते चकवते.

दोन प्लेटींमध्ये मिनिटभराचे अंतर पडले तरी ढग सरकतो, जमिनीवरचा उजेड बदलतो आणि वाऱ्याने हललेले गवताचे एकच पाते मधल्या फ्रेममध्ये दोनदा उमटते. पेटी वेगळ्या थरावर घेतली आणि ती अर्धी विरली असताना सावली तेवढीच गडद राहिली, तर पाहणाऱ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो. रोटो करून, म्हणजे फ्रेमागणिक कडा हाताने आखून, पाते सोडवता येते आणि सावलीही हवी तशी फिकी करता येते. पण एवढे करूनही मधली पेटी ना लाकडाची वाटते, ना हवेची.

मोतीबिंदू उतरू लागल्यापासून प्रस्तुत लेखकाच्या हातून अशा कडा पूर्वीसारख्या सुटत नाहीत, म्हणून ते काम त्याच्या शिष्येकडे गेले. तिने कडांना हात लावण्याआधी एवढेच विचारले, की पेटी जात असताना तिच्याकडे पाहत कोण उभे आहे. ज्याने वर्षानुवर्षे केवळ पेटीकडे पाहिले, त्याच्याजवळ या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

मालिकेकडे मात्र ते होते. २००५ च्या ‘रोझ’ या भागाच्या शेवटी पेटी निघून जाते, डॉक्टरची सहप्रवासी होणारी रोझ रिकाम्या जागेसमोर क्षणभर उभी राहते आणि मग पेटी परत येते. त्या रिकाम्या क्षणावाचून रोझच्या पेटीत धावत जाण्याला अर्थच उरला नसता. २००६ च्या ‘डूम्सडे’मध्ये समुद्रकिनाऱ्यावर डॉक्टरची प्रतिमा प्रथम पारदर्शक दिसते, रोझ ते बोलून दाखवते, मग ती प्रतिमा घट्ट होते आणि अखेर वाक्य अर्धवट ठेवून नाहीशी होते. येथे पारदर्शकता हाच कथेचा आशय झाला आहे. टार्डिसचा धापा टाकणारा आवाजही, जो ब्रायन हॉजसन यांनी पियानोच्या तारांवर किल्ली घासून घडवला, मागे राहिलेल्याच्या कानांसाठीच आहे.

एक गर्व येथे कबूल करणे भाग आहे. २९ ऑक्टोबर १९६६ रोजी ‘द टेन्थ प्लॅनेट’च्या अखेरच्या भागात डॉक्टरची भूमिका करणाऱ्या विल्यम हार्टनेल यांचा चेहरा मिश्रणातून पुढचे डॉक्टर पॅट्रिक ट्रॉटन यांचा झाला, पुढे तो भाग बीबीसीच्या संग्रहातून नाहीसा झाला, परंतु ते काही सेकंद ‘ब्लू पीटर’ या दुसऱ्या कार्यक्रमात वापरल्यामुळे वाचले. कथा हरवली आणि करामत उरली, याचा प्रस्तुत लेखकाला दीर्घकाळ आनंद वाटत आला, आणि हा आनंद कारागिराला शोभणारा नव्हता.

जुन्या भागांतील रबरी राक्षसांना हसणारे आणि प्रत्येक अंतर्धान पावण्यावर प्रकाशकणांचा सडा टाकणारे आजचे व्यावसायिक, दोघेही एकाच चुकीचे धनी आहेत, कारण दोघेही करामतीकडे पाहतात आणि तिच्या साक्षीदाराकडे पाठ फिरवतात. ‘केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करणाऱ्या दादासाहेब फाळके यांना, वस्तू नाहीशी झाल्यावर प्रेक्षकाचा चेहरा कसा होतो, हे रंगमंचावरून समोरच दिसत असे. पडद्यापुढे अंधाऱ्या खोलीत बसणाऱ्या कारागिराला तो कधीच दिसत नाही.

म्हणून मुंबई-पुण्यात रोटोच्या कामाला बसलेल्या तरुणांना एकच विनंती आहे: कडा स्वच्छ ठेवा, सावली वेळेवर काढा, पण पेटी गेल्यानंतरच्या रिकाम्या जमिनीच्या फ्रेमा संकलकाने कापायला घेतल्या, तर त्यांच्यासाठी भांडा.