लिस्बन, व्हाया भाईंदर!

युरोपच्या क्रूझवर जाऊन आलेला एक तरी कलीग तुमच्या ऑफिसात असेलच. सकाळी जहाज लिस्बनला लागतं, संध्याकाळी सुटतं. मधल्या सात-आठ तासांत अख्खं शहर ‘करायचं’! किल्ला, चर्च, चौक, कॉफी... आणि धावतपळत परत बोटीवर.

पण एक गंमत सांगू? जुन्या लिस्बनचा बराचसा भाग 1755च्या भूकंपात कोसळला. बंदरालगतचा तो फोटोजेनिक चौक त्यानंतरचा. भूकंपाआधीचं पोर्तुगीज शहर बघायचंय? मग भाईंदर वेस्टला उतरा.

हो, भाईंदरच! फेब्रुवारी 2024मध्ये इथून वसईला रो-रो बोट सुरू झाली. बाईकसकट चढा, पंधरा-वीस मिनिटांत खाडीपार. ना बुफे, ना स्विमिंग पूल. पण जुन्या बंदरात पाण्याच्या वाटेनं शिरण्याचा थाट तोच.

1534मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षं त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचा कारभार इथूनच चालला. आपली अंधेरी-बोरिवलीही बराच काळ त्याच अमलाखाली होती, बरं का! तटाच्या आत चर्च, मठ, वाडे, रस्ते असं अख्खं शहर होतं. सागवानी जहाजंही वसईत बांधली जात. मे 1739मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि चर्चमधल्या काही घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. नाशिकची ती प्रसिद्ध नारोशंकराची घंटा? वसईचीच.

आज छपरं गेलीत, भिंती उभ्या आहेत. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा, बंदर दरवाजा, बाहेर कोळ्यांच्या होड्या. खटकतं एकच. लिस्बनमध्ये ज्या भिंतीला आपण हात लावायलाही कचरू, तिच्याच इथल्या बहिणीवर बदाम आणि बाण कोरलेले दिसतात. तिकीट महागडं नाही म्हणून किंमतही नाही, असं थोडंच असतं?

तेव्हा येत्या रविवारी क्रूझवाल्यांसारखे या. चांगले बूट, पाण्याची बाटली, थोडा इतिहास वाचून आणि हातात अख्खा दिवस. पावसाळ्यात मात्र बोट चालू आहे ना, हे आधी विचारून घ्या.

आणि परतीची बोट चुकली तर? नो टेन्शन. वसई रोडहून चर्चगेट लोकल आहेच!