अडलेलं गणित

पहिली पंचेचाळीस मिनिटं जीवशास्त्राला द्या, हे नीटची तयारी करून घेणारा लातूरचा कोणताही मास्तर झोपेतसुद्धा सांगेल. मुलांनाही ते पाठ असतं. माझं घोडं अडतं ते त्याच्या पुढे, भौतिकशास्त्रात. एखादं गणित दोन मिनिटांत हलेना, तर ते तिथेच टाकून पुढचं घ्यायचं. एवढी साधी गोष्ट मला अजून नीट शिकवता येत नाही.

2024 पर्यंत हे झाकून जायचं. भौतिकशास्त्राच्या 50 प्रश्नांतले 45 सोडवायचे असत आणि पेपरला 200 मिनिटं मिळत. 2025 पासून प्रश्नांची निवड गेली, वरची 20 मिनिटंही गेली. आता 180 प्रश्न, 180 मिनिटं.

परवा वर्गातल्या एका हुशार मुलीची सराव प्रश्नपत्रिका चाळत होतो. पातळ भिंतीचा पोकळ दंडगोल उतारावरून न घसरता घरंगळतो, त्याचं त्वरण काढा. तिने तो भरीव धरला आणि दोन तृतीयांश जी साइन थीटा काढलं. पर्यायांत ते नव्हतं. मग शेजारच्या कोऱ्या जागेत तेच गणित पुन्हा पुन्हा केलेलं, शेवटच्या वेळी तर पेन कागदात रुतलेलं. आकडेमोड दर वेळी तपासली, 'पोकळ' हा शब्द मात्र परत वाचला नाही. पुढच्या पानावर लहरींचा एका ओळीचा प्रश्न कोरा.

कच्ची मुलं अशी अडत नाहीत, ती सहज पुढे जातात. अडतात ती पहिल्या बाकावरची, कारण गणित टाकणं त्यांना हार वाटते. ही सवय आम्हीच लावतो. माझ्या फळ्यावरचं गणित कधी अर्धवट राहत नाही, याचा मला अभिमान आहे आणि मुलं ते बाहेर सांगतात तेव्हा फार बरं वाटतं.

काही क्लासवाले बजावतात, खात्री नसेल तर हात लावू नका, निगेटिव्ह मार्किंग आहे. हिशेब तसा नाही. बरोबरला 4, चुकीला उणे 1. दोन पर्याय नक्की बाद झाले, तर उरलेल्या दोनांतला एक निवडण्यात सरासरी दीड गुण पदरात पडतो. दुसरे शॉर्टकट विकतात. त्या मुलीला शॉर्टकट येत होताच, तो तिने भलत्याच दंडगोलाला लावला.

मी आता सांगतो, उत्तर पर्यायांत नसेल तर आधी प्रश्न वाचा. तरी जुळेना, तर क्रमांकाला गोल करून पुढे चला. ओएमआरवरची ती ओळ मात्र मोकळी ठेवा. एक घर सरकलं की पुढची सगळी उत्तरं सरकतात, आणि काळ्या पेनाने भरलेलं वर्तुळ पुसता येत नाही.

माझ्यासारख्या शिक्षकांना एक विनंती आहे. आठवड्यातून एकदा तरी फळ्यावरचं गणित मध्येच सोडा, पुढचं घ्या, आणि तास संपायला वेळ उरला तरच मागे या. मुलांना ते आपल्या हातून होताना दिसू द्या.