क्लिक, कमिशन आणि फवारणीचा पंप

अफिलिएट मार्केटिंग म्हटलं की काहीतरी फार भारी, नव्या जमान्याचं वाटतं. आत डोकावलं तर मामला साधा आहे. गिऱ्हाईक आणून द्या, विक्री झाली की आम्ही टक्का देतो. अमेझॉनने हे १९९६ साली वेबवर सुरू केलं. आमच्या बीड जिल्ह्यात मात्र ही गोष्ट समजावून सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत, कारण तिथे मुकादम सगळ्यांना माहीत असतो. मुकादम ऊसतोडीसाठी कोयते (म्हणजे नवरा-बायकोची जोडी) गोळा करतो, कारखान्यावर नेतो आणि तोडणीच्या दरावर त्याला कमिशन मिळतं. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तेव्हा मुकादमाचं कमिशनही एक टक्क्याने वाढलं होतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझा मावसभाऊ. गेवराईजवळ गावाकडे राहतो, शेती बघतो आणि फावल्या वेळात एक वेबपेज चालवतो. त्यावर बॅटरीवरच्या फवारणी पंपांची माहिती आणि खाली अमेझॉनच्या लिंका. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे नातेवाइकांच्या हिशोबाने प्रिंटरपासून वेबसाइटपर्यंत सगळं मला येतं. एका शनिवारी त्याचा फोन आला.

"दादा, लोक येतेत, बघतेत अन् निघून जातेत. बटण कुणी दाबंनाच. काहीतरी कर की."

आता हे काम मला आवडतं. ऑफिसमध्ये एका बटणाच्या रंगावरून चार मीटिंगा होतात, इथे मालक एकच आणि तोही मावसभाऊ! बसलो लॅपटॉप घेऊन.

पेज उघडलं तर वर 'शेतीचे महत्त्व' या विषयावर तीन परिच्छेद. त्याखाली अवाढव्य फोटो, तो मोबाइलवर उघडेपर्यंत चहा होऊन जाईल. मग सगळ्यात खाली बटण, 'इथे क्लिक करा'. अहो, जो माणूस 'कपाशीला कोणता पंप चांगला' असं शोधत आलाय, त्याला शेतीचं महत्त्व कशाला सांगायचं? तो शेतातच उभा आहे!

तर पहिल्या दिवशी तीन गोष्टी केल्या. निबंध काढला आणि पहिल्याच ओळीत उत्तर दिलं: टाकी किती लिटरची, बॅटरी किती अँपिअर-अवरची, भरलेला पंप पाठीवर किती जड होतो. (१६ लिटर पाणी म्हणजे १६ किलो तर नुसतं पाणीच झालं. हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही.) फोटो लहान केला. आणि बटणावर लिहिलं, 'अमेझॉनवर आजची किंमत बघा'. बटण दाबल्यावर काय होणार हे बटणानेच सांगावं, एवढाच त्यातला नियम. 'खरेदी करा' म्हटलं की माणूस बिचकतो, किंमत बघायला कुणाची ना नसते. शिवाय हाताने टाइप केलेली किंमत पेजवर ठेवणं अमेझॉनच्या नियमांत बसत नाही, त्यामुळे तोही प्रश्न सुटला.

मावसभाऊ खूश. लगेच दुसरी फर्माइश. "दादा, ते उलटं घड्याळ टाक ना. 'फक्त १० मिनिटं बाकी'. सगळे टाकतेत."

घड्याळाने क्लिक वाढतात का? वाढत असतीलही. पण खोटी घाई दाखवणं हा आता आपल्याकडे कायद्याच्या भाषेत 'डार्क पॅटर्न' आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला असे १३ प्रकार जाहीर केले, त्यात याचा नंबर बराच वर आहे. पण मी त्याला कायदा सांगितला नाही. पीक विम्याची आठवण करून दिली.

बीडच्या माणसाला ही गोष्ट चटकन समजते. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. शेतकऱ्याने द्यायचा एक रुपया, आणि अर्ज भरणाऱ्या केंद्रचालकाला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये. हेतू चांगलाच होता. पण पैसे मिळत होते अर्जाचे. अर्जामागे खरा शेतकरी आणि खरं पीक आहे का, याच्याशी त्या ४० रुपयांचा संबंध नव्हता. मग व्हायचं तेच झालं. सगळेच केंद्रचालक तसे नव्हते, पण राज्यभर लाखो बोगस अर्ज निघाले, दुसऱ्याच्या आणि सरकारी जमिनीवर विमा उतरवल्याची प्रकरणं बाहेर आली आणि बीडचं नाव त्यात ठळकपणे गाजलं. शेवटी २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची सोय बंद झाली आणि खरिपाला दोन टक्के हप्ता पुन्हा लागू झाला. भुर्दंड कुणाला, तर ज्याने प्रामाणिकपणे अर्ज भरला होता त्यालाही.

क्लिकचं तसंच आहे, मंडळी. ज्याची मोजणी करता, तेच वाढतं. नुसते क्लिक मोजले की नुसते क्लिक वाढतात. अमेझॉन क्लिकचे पैसे देत नाही, विक्रीचे देतं, आणि माल परत गेला की कमिशनही परत जातं. म्हणजे हिशोब मुकादमासारखा आहे, फडात ऊस पडला तरच टक्का. (मुकादमीची दुसरी बाजू, उचल आणि ती फिटेपर्यंतचं अडकणं, हा वेगळा आणि फार मोठा विषय आहे. त्यावर कधीतरी.)

समजा शंभर जण आले. घड्याळ लावून दहा जणांनी बटण दाबलं, दोघांनी पंप घेतला, एकाने परत केला. घड्याळाशिवाय पाच जणांनी दाबलं, दोघांनी घेतला आणि ठेवला. क्लिक निम्मे, कमाई दुप्पट.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही क्लिक कमी करणारी गोष्ट पेजवर टाकली. 'हा पंप कुणी घेऊ नये' असं शीर्षक देऊन खाली लिहिलं: क्षेत्र मोठं असेल तर, गावात बॅटरी दुरुस्त करणारा नसेल तर, लाइट रात्रीचीच येत असेल आणि चार्जिंगची आठवण राहत नसेल तर. आणि बटणाच्या अगदी शेजारी, बारीक अक्षरात नाही, 'या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं' ही ओळ.

"दादा, हे लिहिल्यावर कोण दाबंल?"

ज्याला खरंच पाहिजे तो दाबेल.

आता इंजिनिअर म्हणून मला ए/बी टेस्ट करायचा मोह झालाच. अर्ध्या लोकांना जुनं पेज, अर्ध्यांना नवं. पण गणित मांडून बघितलं. क्लिकचं प्रमाण दोनवरून तीन टक्के झालं हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणायचं, तर प्रत्येक पेजला सुमारे ३८०० माणसं लागतात, दोन्ही मिळून ७६००. याच्या पेजवर दिवसाला पन्नास येतात. म्हणजे पाच महिने! तोपर्यंत कपाशी वेचून होईल. छोट्या पेजवाल्यांनी 'बटण हिरवं केलं आणि क्लिक दीडपट झाले' असल्या गोष्टींवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. चार क्लिकचे सहा झाले तरी ते दीडपटच असतं.

मग मोजायचं कसं? त्याच्याकडे माझ्यापेक्षा चांगलं साधन निघालं. त्याचे बरेचसे वाचक आसपासच्या गावातले, ओळखीचे. पंप बंद पडला तर माणूस अमेझॉनला शोधत बसत नाही, थेट याच्या दारात येतो. मावशी त्याला चहा देते आणि तो सगळी तक्रार सांगून जातो. एवढा खरा फीडबॅक आमच्या कंपनीच्या डॅशबोर्डवर मी कधी पाहिला नाही.

परवा सांगत होता, एक जण पेज वाचून आला आणि म्हणाला, "तू लिहिलंय तसं माझं रान मोठंय, मग मी काय घेऊ?" याने त्याला तालुक्याच्या दुकानात पाठवलं. कमिशन शून्य. पण तोच माणूस नंतर आपल्या भावकीतल्या दोघांना याच्याकडे घेऊन आला.

हे कुठल्या ॲनालिटिक्समध्ये दिसणार, सांगा बरं?